भिंतीतील तंतू : कुटारापासून प्लॅस्टिकच्या धाग्यापर्यंत



कौंडण्यपूर म्हटले की आपल्याला भीमक राजा आठवतो, रुक्मिणी आठवते आणि अंबिकेच्या देवळापासून निघालेला तो रथ आठवतो. हे स्वाभाविकच आहे. आज मात्र मी या गावाच्या कथेविषयी न बोलता या गावाच्या मातीविषयी बोलणार आहे. वर्धेच्या काठची येथील टेकाडे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी खणली आणि त्या उत्खननाचा ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. सातवाहनांच्याही पूर्वीपासून येथे वस्ती होती हे त्यातून दिसून आले. असे टेकाड बनते कसे? माणूस मातीची भिंत घालतो, ती पडते, तिच्यावर नवी भिंत उभी राहते. शेकडो वर्षे हा क्रम चालला की गाव आपल्याच पडलेल्या घरांवर उंच होत जाते. आपण जिला ‘पांढरी’ म्हणतो ती हीच. वऱ्हाडातील माणूस पांढरीची माती खणून पुन्हा घराला लावीत आला. जुन्या घराचा शेवट नव्या घराचा आरंभ होई.

या मातीत आपले पूर्वज एक वस्तू न विसरता मिसळीत. गव्हाचे, हरभऱ्याचे, तुरीचे कुटार. भिंतीच्या गाऱ्यात कुटार, धान्याच्या कणगीला शेणमातीचा लेप, तुराट्यांच्या किंवा पऱ्हाटीच्या कुडावर पुन्हा तोच लेप. हे केवळ माती वाचविण्यासाठी होते काय? नव्हे. माती ओली असताना फुगलेली असते; वाळताना ती आकसते, आणि आकसताना तिला तडे जातात. दाबले तर माती पुष्कळ सोसते, ओढले तर मुळीच सोसत नाही. कुटाराची काडी तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवते. त्यामुळे एका रुंद भेगेऐवजी केसासारख्या बारीक अशा पुष्कळ भेगा पडतात, आणि बारीक भेगेतून पाणी सहजी शिरत नाही. तंतूचे काम भार उचलणे हे नसून तडा आवरणे हे आहे. आजच्या व्याख्यानात एवढे एक वाक्य आपण लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

ही विद्या झोपडीपुरती नव्हती. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या लेपात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या लेपाची तपासणी करून राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या दोन अभ्यासकांनी २०१६ साली असे दाखविले की, त्यात भांगेच्या झाडाचे तंतू व तुकडे मिसळलेले आहेत. तो लेप इतकी शतके टिकला आणि किडींपासून वाचला, याचे श्रेय त्यांनी या झाडाला दिले. आपल्याकडचे मूर्तिकार शाडूच्या मातीत कापूस मळतात आणि प्लॅस्टरची मूर्ती साच्यात ओतताना आतून काथ्या लावतात. साच्यातून निघालेली पोकळ मूर्ती हाताळताना फुटत नाही ती या काथ्यामुळे.

मग सिमेंट आले. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचा एकस्वाधिकार घेतला. सिमेंट मातीपेक्षा कितीतरी बळकट, परंतु स्वभाव तोच. दाबाला जेवढे सोसते त्याच्या साधारण दहावा हिस्साच ते ताणाला सोसते. त्यावर लोखंडी सळ्यांचा उपाय निघाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण पातळ पत्रा, नळ, पोकळ ओतीव वस्तू यांत सळई कोठे घालणार? तेथे तंतूच हवा. अडचण अशी की सिमेंटच्या अंगी तीव्र क्षार असतो. कापूस, अंबाडी, ताग यांसारखे तंतू त्यात काही काळाने कुजतात. मातीला जो मित्र होता, तो सिमेंटला चालेना.

पहिला तंतू जो चालला तो खनिज होता. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक याने १९०० च्या सुमारास ॲस्बेस्टॉस आणि सिमेंट यांचा पातळ पत्रा बनविण्याची रीत काढली. आपल्याच मध्य प्रांत व वऱ्हाडात, कैमूर येथे १९३४ साली असे पत्रे बनविण्याचा कारखाना निघाला. पत्रा हलका, स्वस्त, न जळणारा, न गंजणारा. गावोगावच्या शाळा आणि गोदामे त्याने झाकली गेली. पण या तंतूची धूळ फुफ्फुसात गेली की बाहेर निघत नाही, आणि तिच्यापासून होणारा कर्करोग कित्येकदा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत, हे आज जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. ब्रिटनने त्याचा वापर १९९९ साली बंद केला. तंतूने तडा आवरला, पण तो मिसळणाऱ्या हाताचा घात केला. ज्यांच्या घरावर असे जुने पत्रे असतील, त्यांनी ते कोरडे असताना कापू नयेत, भोके पाडू नयेत, फोडू नयेत.

दुसरा प्रयत्न काचेच्या धाग्याचा झाला. साधी काचही क्षाराने झिजे. इंग्लंडात ए. जे. मजुमदार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने झिर्कोनिया घातलेल्या, क्षाराला तोंड देणाऱ्या काचेवर काम केले, आणि १९७० नंतर ती बाजारात आली.

तिसरा तंतू रसायनशाळेतून आला. १९५४ साली इटलीत जूलिओ नाट्टा याने पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केले. पुढे १९६३ साली त्याला त्सिग्लर याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे द्रव्य आपल्या ओळखीचे आहे. पूर्वी खत आणि धान्य तागाच्या बारदानात येई, आता प्लॅस्टिकच्या विणलेल्या पोत्यात येते. त्या पोत्याची पट्टी आणि सिमेंटमधला हा तंतू एकाच जातीचे. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत गोल्डफाइन याने लष्करासाठी असे धागे सिमेंटमध्ये घालून पाहिले, कारण स्फोटाचा हादरा सोसणारे बांधकाम हवे होते. त्यानंतर इंग्लंडात, पायासाठी जमिनीत ठोकण्याच्या पोकळ ओतीव खांबांत या दोऱ्याचे तुकडे घालू लागले. हातोड्याच्या घावाने ते कवच पूर्वी फुटे. तंतू घातल्यावर तडा जाई, पण तुकडे वेगळे होत नसत. आपल्या मूर्तिकाराच्या काथ्याचेच हे काम होय.

हा धागा क्षारात कुजत नाही, गंजत नाही. आज तो केसाहून बारीक, सहा ते अठरा मिलिमीटर लांबीचा मिळतो. पन्नास किलो सिमेंटच्या पोत्यामागे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तो घालतात, आणि एवढ्यात एका घनमीटर काँक्रीटमध्ये कोट्यवधी धागे पसरतात. वऱ्हाडाला त्याचे महत्त्व विशेष आहे. वैशाखातील उन्हात, कोरड्या वाऱ्यात ओतलेल्या फरशीवरून दर चौरस मीटरमागे तासाला सुमारे एक किलोहून अधिक पाणी उडू लागले की पहिल्या काही तासांतच तडे पडण्याचा धोका असतो. त्या कोवळ्या अवस्थेत हे धागे तड्यांना आवरतात. दुसरा उपयोग आगीचा. १९९६ साली इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात आग लागून काँक्रीटच्या ढलप्या उडाल्या. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांवर वितळते आणि काँक्रीटमध्ये अडकलेल्या वाफेला वाट मिळते. म्हणून बोगद्यांच्या अस्तरात ते मुद्दाम घालू लागले.

परंतु गुण सांगितले की मर्यादाही सांगितली पाहिजे. “धागा घातला आहे, आता सळई कमी चालेल, पाणीही कमी मारले तरी चालेल,” असे कोणी म्हणाले तर ते मानू नये. हा बारीक धागा स्लॅबचा किंवा तुळईचा भार उचलीत नाही. सळईच्या जागी सळईच हवी, आणि निदान सात दिवस पाणी मारलेच पाहिजे. कुटार घातले म्हणून आपल्या आजोबांनी घराचे सागवानी खांब कमी केले नव्हते.

या साऱ्या इतिहासातून मला तीन प्रश्न दिसतात, आणि नवा तंतू कोणीही आणला तरी ते त्याला विचारावेत. तो ज्यात मिसळायचा त्यात टिकेल काय? अंबाडी सिमेंटमध्ये या प्रश्नाला उतरली नाही. तो मिसळणाऱ्याच्या जिवाला अपाय करील काय? ॲस्बेस्टॉस येथे नापास झाला, आणि हा प्रश्न उशिरा विचारल्याची किंमत मजुरांनी दिली. तिसरा प्रश्न असा, की भिंत पडल्यावर त्याचे काय होईल? कुटार मातीत मिळून गेले, म्हणून पांढरीची माती पुन्हा घराला लावता आली. प्लॅस्टिकचा धागा न कुजणे हा आज गुण ठरतो. तीच भिंत उद्या पाडून तिचा चुरा शेतात किंवा वर्धेच्या पात्रात गेला, तर तोच गुण दोष ठरेल. म्हणून जेथे त्याची खरी गरज आहे, म्हणजे उन्हातली फरशी, बोगदा, पातळ ओतीव काम, तेथे तो अवश्य वापरावा. आणि जेथे सावलीने, ओल्या गोणपाटाने व वेळेवर मारलेल्या पाण्याने काम होते, तेथे तेवढेच करावे. आपल्याही घरांचे एक दिवस टेकाड होणार आहे. ते खणणाऱ्याच्या हाती आपण काय ठेवतो, याचा विचार गवंड्याच्या घमेल्यापाशीच झाला पाहिजे.