ठाण्याचे चार हुतात्मे

ठाण्याचे चार हुतात्मे ही संज्ञा एप्रिल १३२१ मध्ये उत्तर कोकणातील ठाणे येथे ठार केल्या गेलेल्या चार ख्रिस्ती धर्मप्रचारकांसाठी योजली जाते. टोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे (सध्याचे तिबिलिसी) दिमेत्रियस ही त्यांची नावे असून ते सर्व फ्रान्सिस्कन संघाशी संबंधित होते. ही घटना वास्को द गामाच्या आगमनापूर्वी सुमारे पावणेदोनशे वर्षे घडली. कोकणात पोर्तुगीजपूर्व काळातही ख्रिस्ती वस्ती होती, याचा पुरावा म्हणून तिला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

थॉमस हे इटलीतील टोलेंतिनो या गावचे. संघाने कडक दारिद्र्यव्रत पाळावे, असा आग्रह धरणाऱ्या गटात ते होते आणि त्यासाठी त्यांना कारावासही सोसावा लागला. सुटकेनंतर त्यांना आर्मेनियात पाठविण्यात आले. पुढे चीनमधील ख्रिस्ती कार्याची माहिती त्यांनी पोप पाचवे क्लेमेंट यांच्यापुढे मांडली. चीनकडे जाण्याच्या हेतूने हे चौघे होर्मूझहून जहाजाने निघाले. त्यांच्यासोबत डॉमिनिकन संघाचे जॉर्डनस कातालानी होते. केरळातील कोल्लम येथे जाण्याचा त्यांचा विचार होता. परंतु जहाज ठाण्याच्या किनाऱ्याला लागले.

त्या वेळी देवगिरीच्या यादवांची सत्ता संपुष्टात आली होती आणि ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानीचा अंमल होता. गावात नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबे राहत असत. प्रचारकांना त्यांच्याच घरी आश्रय मिळाला.

घटना

स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या विनंतीवरून जॉर्डनस भडोचच्या दिशेने गेले असता, यजमानांच्या घरी पतिपत्नींमध्ये भांडण झाले. पतीने मारहाण केल्याची तक्रार पत्नीने काझीकडे नेली आणि साक्षीसाठी प्रचारकांची नावे सांगितली. थॉमस, जेम्स व दिमेत्रियस काझीपुढे गेले. पीटर सामान राखण्यासाठी घरीच थांबले. चौकशीचे रूपांतर धर्मविषयक वादात झाले. पैगंबरांविषयी मत विचारले असता थॉमस यांनी दिलेले उत्तर उपस्थितांना निंदाजनक वाटले. परंपरेनुसार ९ एप्रिल रोजी त्या तिघांचा आणि ११ एप्रिल रोजी पीटर यांचा वध झाला. म्हणजे एका घरगुती तंट्याची साक्ष हे या प्रकरणाचे निमित्त ठरले.

अवशेषांचा प्रवास

जॉर्डनस यांनी परतल्यावर मृतदेह सोपारा येथे नेऊन पुरले. त्यानंतर लवकरच फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक ठाण्यास आले. त्यांनी अस्थी उकरून घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनमधील झैतून (सध्याचे च्वानचौ) येथील आपल्या संघाच्या मठात पोहोचविल्या. थॉमस यांचे शिर पुढे टोलेंतिनो येथे नेण्यात आले, अशी परंपरा आहे.

साधने

घटनेची माहिती प्रामुख्याने जॉर्डनस यांची पत्रे आणि ओडोरिक यांनी १३३० मध्ये सांगून लिहविलेले प्रवासवर्णन यांतून मिळते. दोघेही ख्रिस्ती धर्मप्रचारक होते आणि दोघांपैकी कोणीही वधाचा प्रत्यक्ष साक्षीदार नव्हता. जेम्स यांना अग्नीत टाकूनही ते सुखरूप बाहेर आले, असे ओडोरिक सांगतात. असे प्रसंग प्राचीन ख्रिस्ती हुतात्म्यांच्या चरित्रांतही वारंवार येतात. त्यामुळे ते इतिहास म्हणून न घेता संतचरित्राच्या संकेतांचा भाग म्हणून वाचणे योग्य ठरते. मात्र ठाणे, सोपारा, तेथील नेस्टोरियन घरे आणि सागरी मार्ग यांविषयीचे तपशील इतिहासाच्या अभ्यासकांना उपयुक्त आहेत.

पूजन

मध्ययुगात लोकांची श्रद्धा आधी रुजत असे व चर्चची अधिकृत संमती अनेकदा मागाहून येई. थॉमस यांच्या बाबतीत तसेच घडले. दीर्घकाळ चालत आलेल्या त्यांच्या पूजनास पोप तेरावे लिओ यांनी १८९४ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे त्यांना 'धन्यवादित' म्हटले जाते. ही संतपदाच्या अलीकडची पायरी होय. त्यांचा स्मरणदिन ९ एप्रिल हा आहे.

वसई येथे जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हेही फ्रान्सिस्कन हुतात्मे होते. परंतु त्यांचा काळ निराळा आहे. त्यांना १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे वधस्तंभावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये संतपद देण्यात आले. ठाण्यात परदेशी प्रचारकांचा, तर जपानमध्ये वसईच्या भूमिपुत्राचा अंत झाला. सागरी व्यापाराच्या ज्या वाटांनी माल जात असे, त्याच वाटांनी श्रद्धाही प्रवास करीत होत्या, हे या दोन्ही चरित्रांवरून दिसून येते.