कृत्रिम स्वादुपिंड : साठ वर्षांचा प्रवास

निरोगी माणसाचे स्वादुपिंड रक्तातील साखर पाहून हवे तेवढेच इन्सुलिन सोडते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिले गेले आणि असे रुग्ण जगू लागले. मात्र रोजचा डोस ठरवणे त्यांच्याच गळ्यात पडले. कमी पडला तर साखर चढते. जास्त झाला तर बेशुद्धी, झटके, प्रसंगी मृत्यूही येतो.

हे काम यंत्र करेल का? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी तसे यंत्र तयार केले. ते पाठीवर घ्यायच्या पिशवीएवढे होते. १९७७ मध्ये ‘बायोस्टेटर’ आले. ते शिरेतून सतत रक्त घेऊन साखर मोजायचे आणि गरजेनुसार इन्सुलिन किंवा ग्लुकोज सोडायचे. पण रुग्ण खाटेलाच बांधला जायचा.

१९९९ मध्ये त्वचेखालील सेन्सरला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि रुग्ण खाटेपासून सुटला. पण नवी अडचण आली. हा सेन्सर रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतो आणि त्वचेखाली दिलेल्या इन्सुलिनचा जोर यायला तासभर लागतो. गीझरचा नळ फिरवल्यावर गरम पाणी उशिरा येते, म्हणून आपण अजून फिरवतो आणि मग चटका बसतो, तसेच हे. म्हणून यंत्राला पुढची साखर आधीच ओळखावी लागते.

सेन्सरची साखर पाहून आपोआप इन्सुलिन सोडणारा पंप २०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला; पण जेवणाची माहिती रुग्णालाच द्यावी लागे.

आता न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणक प्रणाली. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी तिला जुन्या गणिती पद्धतीची नक्कल शिकवली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ जणांच्या चाचणीत साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ नव्या पद्धतीत ८६ टक्के होता, जुन्या पद्धतीत ८७. म्हणजे ती जास्त हुशार ठरली नाही; पण आकडेमोड सुमारे सहापट कमी लागली. त्यामुळे छोट्या, कमी ताकदीच्या उपकरणातही ती बसू शकते. मात्र चाचणी लहान होती.

तेव्हा ‘एआयने मधुमेह बरा होतो’ असा मेसेज आला तर विश्वास ठेवू नका. यंत्र डोस ठरवते, आजार घालवत नाही. पंप असला तरी साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवा आणि कोणत्याही ॲपच्या सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, इन्सुलिन बदलू नका.