दोन अक्षरांची मालकी

ॲस्टन मार्टिन या ब्रिटिश क्रीडामोटारींच्या नाममुद्रेतील ‘ॲस्टन’ हा शब्द कोणा माणसाचा नसून बकिंगहॅमशायरमधील ॲस्टन क्लिंटन गावाजवळच्या टेकडीचा आहे. लायोनेल मार्टिन आणि रॉबर्ट बॅमफर्ड यांनी १९१३ मध्ये ज्या व्यवसायाचा पाया घातला, त्याच्या मोटारींना हे नाव मिळाले ते त्या टेकडीवरील चढाईच्या शर्यतींत मार्टिन यांनी मिळवलेल्या यशामुळे. बॅमफर्ड १९२० मध्ये बाहेर पडले, १९२५ मध्ये दिवाळे वाजल्यावर मार्टिनही गेले, आणि गंमत अशी की कंपनीचे अधिकृत नाव ‘ॲस्टन मार्टिन मोटर्स’ झाले ते त्यानंतर, १९२६ मध्ये.

माणूस जातो आणि नाव उरते, हा प्रकार ‘डीबी’ या अक्षरांच्या बाबतीत अधिक ठळकपणे घडला. ही आद्याक्षरे डेव्हिड ब्राउन यांची होत. यॉर्कशायरमधील हडर्सफील्ड येथे गिअर आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या या उद्योगपतीने ‘द टाइम्स’मधील जाहिरात पाहून १९४७ मध्ये २०,५०० पौंडांना ही कंपनी घेतली, आणि त्याच सुमारास लगोंडा ही कंपनीही खरेदी केली, ज्यामागे डब्ल्यू. ओ. बेंटली यांच्या देखरेखीखाली घडलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे आकर्षण होते. ते इंजिन १९५० च्या ‘डीबी२’मध्ये बसले, आधीच्या ‘टू लीटर स्पोर्ट्स’ला ‘डीबी१’ म्हणण्याची रीत मागाहून पडली. ‘डीबी२/४’ या १९५३ च्या नावातील चार हा आकडा आसनांचा आहे, तर १९५८ च्या ‘डीबी४’मधील चार निव्वळ अनुक्रमाचा, त्यामुळे नवख्याची फसगत ठरलेलीच. याच ‘डीबी४’च्या बांधणीला ‘सुपरलेजेरा’, म्हणजे इटालियन भाषेत ‘अतिहलकी’, असे म्हणत. मिलानच्या टूरिंग या कारागीर संस्थेच्या या पद्धतीत पोलादाच्या बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे चढवले जात.

‘व्हँटेज’ हा शब्द आरंभी स्वतंत्र मोटारीचा नव्हताच; ‘डीबी२’ घेणाऱ्याला १०५ ऐवजी १२५ अश्वशक्तीचे इंजिन हवे असल्यास त्या पर्यायाला ते नाव होते. तोट्याला कंटाळून ब्राउन यांनी १९७२ मध्ये कंपनी विकली, तेव्हा नव्या मालकांनी ‘डीबी’ अक्षरे काढून टाकली आणि जुन्या ‘डीबीएस’ला ‘एएम व्हँटेज’ असे नाव दिले. पुढे कंपनी फोर्डच्या मालकीची असताना तिचे प्रमुख वॉल्टर हेज यांनी वृद्ध ब्राउन यांना तहहयात मानद अध्यक्षपद देऊन त्यांच्या संमतीने ही अक्षरे परत आणली, आणि १९९३ मध्ये, ब्राउन यांच्या निधनाच्याच वर्षी, ‘डीबी७’ लोकांसमोर आली. पुढच्या मोटारीचे बारा सिलिंडर आठ समजले जाऊ नयेत म्हणून ‘डीबी८’ हे नाव टाळून ‘डीबी९’ घेतले, असे सांगतात. २०२३ च्या ‘डीबी१२’ला मात्र इंजिन आहे ते आठ सिलिंडरचे.