सरावाची गोळी, शिकारीची गोळी आणि जखमी जनावर

राजेहो, परवा चहाच्या टपरीवर एका शेतकरी मित्राने विचारलं, "भाऊ, सरावाची गोळी स्वस्त पडते. तिनंच डुक्कर मारलं तं काय बिघडते?" त्याच्याकडे परवान्याची रायफल आहे आणि रानडुकरांनी त्याचा हरभरा पार उखडून टाकलाय. प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात आपल्याच भागातून करता येते.

१८६१ साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. या प्रांताच्या जंगलखात्यात कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा अधिकारी होता. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक १८७१ चं. पण त्याआधीच त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या, एवढ्याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं! तेव्हा ठासणीच्या बंदुका होत्या. शिसं वितळवून, साच्यात ओतून गोळ्या घरीच करायचे. मोठी, गोल, शिशाची गोळी, हे फोर्सिथचं मत. शिसं मऊ, जनावराच्या अंगात शिरलं की चपटं होतं आणि घाव मोठा करतं.

मग १८९० च्या दशकात धूर न करणारी दारू रुळली. वेग वाढला, म्हणून शिशावर कडक धातूचं कवच चढलं. वायव्य सरहद्दीवर इंग्रज फौजेची तक्रार सुरू झाली: गोळी आरपार जाते, पण समोरचा थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात मग टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी निघाली. तीच 'दमदम' गोळी. १८९९ च्या हेग परिषदेत ती युद्धात निषिद्ध ठरली.

गंमत इथेच आहे. युद्धात जी गोळी क्रूर ठरली, तीच शिकारीत दयेची मानली जाते. इंग्लंडच्या कायद्यात हरणावर रायफल चालवायची तर उमलणारीच गोळी लागते. पूर्ण कवचाची गोळी फौजांसाठी ढिगाने बनते, म्हणून स्वस्त. सरावाला उत्तम, कारण कागदाला फक्त भोक पाडायचं असतं. डुकराला मात्र ती बारीक भोक पाडून आरपार जाऊ शकते. डुक्कर पळतं, तुरीत शिरतं, तिथेच तडफडतं. सकाळी निंदायला गेलेल्या बाईवर तेच चालून येतं. आणि आरपार गेलेली गोळी पुढे कुठे थांबेल, कोण सांगणार?

जखमी जनावराची किंमत काय असते? १९०७ साली कॉर्बेटने मारलेली चंपावतची वाघीण आठवा. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिचे उजव्या बाजूचे सुळे कुणाच्या तरी जुन्या गोळीने तुटले होते. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट सांगतो. बार कुणाचा, भोगलं कुणी!

मित्राला मी एवढंच सांगितलं: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय डुकरावर बार टाकायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याने काडतूस बनवायलाही वेगळा परवाना लागतो, घरी भरायचं नाही. आधी पंचनामा करून नुकसानभरपाईचा अर्ज दे. परवानगी मिळालीच, तर योग्य गोळी आणि जाणता नेमबाज.

दोन पैसे वाचवायच्या नादात जखमी जनावर गावाच्या अंगावर सोडू नका. भरपाई वेळेवर मिळत नाही, हे खरंच आहे. त्यासाठी वनखात्याशी भांडू, मी सोबत येतो.