काटकसरी हुकमाची कुळकथा

पुण्याच्या हिंजवडीतली एक इंजिनिअर काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते. ओळीच्या शेवटी ‘एपी-साउथ-वन’ असतं. अमेझॉनच्या क्लाउडमध्ये मुंबईला जून २०१६ पासून हे नाव आहे. एंटर दाबलं की थोड्याच वेळात मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एक सर्व्हर उभा राहतो. शेजारच्या टेबलावरून विचारणा होते, “कमांड मारलीस का?” “मारली.”

याच कामासाठी बटणं आणि तक्ते असलेलं वेबपान हाताशी असतं. तरी रोज क्लाउड हाकणारी माणसं काळ्या पडद्याकडे वळतात. कोणतं बटण कुठे दाबलं हे दुसऱ्याला समजावून सांगावं लागतं. ओळ मात्र जपून ठेवता येते, सहकाऱ्याला पाठवता येते, उद्या तशीच पुन्हा चालवता येते. क्लाउड कालपरवाचा असला तरी ही ओळ जुन्या घराण्यातली आहे.

घराण्याचा मूळपुरुष टेलिटाइप, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर खडखडत छापणारं यंत्र. १९६३ साली आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे त्यातलं नावाजलेलं. त्याला पडदा नव्हता, कागदाचा रोल होता, आणि वेग सेकंदाला दहा अक्षरं. या यंत्राला संगणक जोडला गेला तेव्हा माणूस एक ओळ छापायचा आणि संगणक खाली दुसरी ओळ छापून उत्तर द्यायचा. लिनक्सवर आजही टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात. टेलिटाइप गेलं, आडनाव राहिलं.

त्याच सुमारास एमआयटीत लुई पूझँ नावाचा फ्रेंच अभियंता काम करत होता. तेच ते हुकूम रोज टाइप करण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने ते एका फाइलीत लिहून ओळीने चालवणारा ‘रनकॉम’ हा प्रोग्राम रचला. पुढे अशा हुकूम-दुभाष्यासाठी ‘शेल’ हा शब्दही त्यानेच रूढ केला. शेल म्हणजे टरफल, संगणकाच्या गाभ्याभोवतीचं. आज ‘बॅशआरसी’ ही फाइल उघडणाऱ्याला ठाऊक नसतं, पण तिच्या शेपटीचं ‘आरसी’ म्हणजे तोच रनकॉम. हाच पूझँ नंतर फ्रान्सला परतला आणि तिथे सिक्लाद हे नेटवर्क उभारताना त्याने डेटाग्राम ही कल्पना राबवली. इंटरनेटने ती उचलली. पुण्याची ओळ मुंबईला ज्या वाटेने जाते, तिच्यातही या माणसाचा वाटा आहे.

घराण्याचा स्वभाव मात्र घडला बेल लॅब्समध्ये. १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली तेव्हा समोर ही संथ टेलिटाइप यंत्रं होती. एकेक अक्षर दाबायचे कष्ट, छापायला लागणारा वेळ. त्यामुळे यादी दाखवणारा हुकूम झाला ‘एलएस’, नक्कल करणारा ‘सीपी’, पुसून टाकणारा ‘आरएम’. दोन अक्षरांत काम. हात इतका आखडता की नवी फाइल निर्माण करणाऱ्या ‘क्रिएट’ या शब्दाच्या शेवटचा ‘ई’सुद्धा गाळला गेला. युनिक्स पुन्हा लिहायचं तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सनने गमतीने हाच ‘ई’ परत देऊ केला होता.

मितभाषीपणही तिथलंच. काम फत्ते झालं तर युनिक्सचा हुकूम बहुधा गप्प बसतो. १९७३ साली डग मॅक्लरॉय यांच्या आग्रहाने ‘पाइप’ आला आणि एका हुकमाचं उत्तर थेट दुसऱ्याच्या तोंडी घालता येऊ लागलं. मग तर फालतू बडबड अडचणीचीच. ‘आरएम’ही आपलं काम मुकाट्याने करतो. सहसा “नक्की ना?” विचारत नाही.

सेकंदाला दहा अक्षरांचा काच संपल्यावर शब्द पुन्हा लांब व्हायला लागले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने हुकमाचे पर्याय पूर्ण शब्दांत, पुढे दोन आडव्या रेघा देऊन लिहायची रीत रुळवली. ‘एपी-साउथ-वन’च्या आधी ‘रीजन’ हा शब्द दोन रेघा घेऊन येतो, त्या या शाखेकडून आलेल्या.

हुकूम दूरवर पाठवायचा तर वाटेत चोर. दूरच्या यंत्रावर जायच्या टेलनेट या जुन्या सोयीवरून पासवर्ड उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलेनेन यांनी १९९५ साली एसएसएच लिहिलं. दुसऱ्या गावच्या यंत्रावर बिनघोर हुकूम चालवायची सोय त्याने झाली.

ते यंत्रच अमेझॉनकडून भाड्याने मिळायला लागलं ऑगस्ट २००६ मध्ये. त्यासाठीची ईसी-टू सेवा बऱ्याच अंशी दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनमध्ये ख्रिस पिंकम यांच्या चमूने घडवली. तेव्हा सर्व्हरचं भाडं तासाला दहा सेंट. अमेझॉनचा वेब कन्सोल आला तो जानेवारी २००९ मध्ये. म्हणजे सुरुवातीला दोन वर्षांहून जास्त काळ घराचं मुख्य दार हुकमाचंच होतं. हुकूम आता ‘ईसी-टू-रन-इन्स्टन्सेस’ असे लांबलचक झाले होते. ही अवजारं जावावर चालत आणि प्रत्येक सेवेची वेगळी असत. त्याच काळात मिच गारनाट यांनी पायथॉनमध्ये एक लायब्ररी लिहिली आणि तिला नाव दिलं ‘बोटो’. बोटो म्हणजे अमेझॉन नदीतला गोड्या पाण्यातला डॉल्फिन. गारनाट पुढे अमेझॉनमध्येच गेले, आणि २०१३ साली सगळ्या सेवांना एकच ‘एडब्ल्यूएस’ हुकूम मिळाला, तो याच डॉल्फिनच्या वंशातला.

घराण्याच्या स्वभावाची किंमत दिसली २८ फेब्रुवारी २०१७ ला. अमेझॉनच्या एसथ्री या साठवण-सेवेची बिलं संथ चालली होती. व्हर्जिनियातल्या यंत्रणेत त्याचा तपास करताना एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे काही मोजके सर्व्हर काढायची कमांड मारली. तिच्यात एक नोंद चुकली आणि मोजक्यांऐवजी पुष्कळ सर्व्हर निघाले. असंख्य संकेतस्थळं कित्येक तास खोळंबली. बिघाड दाखवणारा अमेझॉनचा फलकही एसथ्रीवरच अवलंबून होता, म्हणून तोही अडला. अमेझॉनने मग अवजार बदललं. आता ते सर्व्हर हळूहळू काढतं, आणि ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. अवजाराने मुद्दाम सावकाश चालावं, ही या घराण्यात नवलाचीच गोष्ट.

दुसरी वाट २०१४ मध्येच निघाली होती. मिचेल हाशिमोतो आणि अरमोन डॅडगर यांच्या तेव्हाच्या कंपनीने काढलेल्या टेराफॉर्म या अवजारात “सर्व्हर उभा कर” असं सांगायचं नसतं. “असा एक सर्व्हर असावा” हे फाइलीत लिहून ठेवायचं. ‘रन-इन्स्टन्सेस’ दोनदा मारली तर सर्व्हर दोन आणि भाडंही दुप्पट. टेराफॉर्म आधी काय आहे ते पाहतं, कमी असेल तेवढंच उभं करतं, आणि त्याआधी बेत वाचून दाखवतं.

सगळं पाडायचं तर ‘टेराफॉर्म डिस्ट्रॉय’. त्यावर काय काय जाणार याची यादी येते आणि प्रश्न येतो. उत्तरादाखल नुसता ‘वाय’ दाबला तर पाडकाम रद्द होतं. ‘येस’ हा शब्द पुरा, तिन्ही अक्षरांनी लिहावा लागतो. प्रश्न टाळायची पळवाटही ठेवलेली आहे. तिचं नाव ‘ऑटो-अप्रूव्ह’, इंग्रजीत अकरा अक्षरं. शेवटचा ‘ई’ धरून.