दाव्यावरील उचल

नुकसानभरपाईचा दावा प्रलंबित असताना, पुढे मिळू शकणाऱ्या रकमेच्या भरवशावर वादीला खासगी कंपनीकडून मिळणारी रोख रक्कम. ही पद्धत मुख्यतः अमेरिकेत रूढ आहे. वादी हरला तर कंपनीची रक्कम बुडते. तो जिंकला किंवा तडजोड झाली, तर मूळ रक्कम आणि तिच्यावर चढलेला आकार भरपाईतून वळता होतो. बड्या कंपन्यांच्या व्यापारी खटल्यांत भांडवल गुंतवण्याचा व्यवसाय याहून वेगळा असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

गरज : उचल घेणारे बहुतेक जण वाहन-अपघातात जखमी झालेले असतात. कामावर जाता येत नाही, घरभाडे थकते, इस्पितळाची बिले येत राहतात आणि विमा कंपनीला मात्र थांबणे परवडते. अशा वेळी जखमी माणूस हाताला लागेल त्या रकमेवर तडजोड करतो. प्रलंबित दावा तारण धरून बँक सहसा कर्ज देत नाही. वकिलालाही हात आखडता घ्यावा लागतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमावलीतील नियम १.८(ई) प्रमाणे वकील कोर्टाचा आणि दाव्याचा खर्च उचलू शकतो. अशिलाच्या पोटापाण्यासाठी पैसे मात्र, थोडे अपवाद वगळता, देऊ शकत नाही. ही मोकळी जागा उचल देणाऱ्या कंपन्यांनी भरली.

व्यवहार : वादी अर्ज करतो. कंपनी त्याच्या वकिलाकडून कागदपत्रे मागवते आणि दोष कोणाचा, दुखापत किती गंभीर, प्रतिवादीचा विमा किती रकमेचा हे पाहते. अपेक्षित भरपाईचा लहानसा हिस्साच उचल म्हणून मिळतो. भरपाई आली की आधी वकिलाची फी व खर्च, मग इस्पितळे आणि आरोग्यविमा कंपन्यांची येणी, त्यानंतर उचल देणारी कंपनी आणि शेवटी वादी, असा साधारण क्रम असतो.

आकार बहुधा दरमहा आणि पुष्कळदा चक्रवाढीने लागतो. दरमहा ३ टक्के चक्रवाढ धरल्यास ५,००० डॉलरचे दोन वर्षांत सुमारे १०,१६४ आणि तीन वर्षांत सुमारे १४,४९१ डॉलर होतात. दावा किती लांबेल हे वादीच्या हातात नसते, आणि या व्यवहाराचा सारा भार त्या एका अनिश्चित गोष्टीवर आहे. म्हणून दराच्या टक्क्यापेक्षा एक, दोन आणि तीन वर्षांनी नेमके किती डॉलर द्यावे लागतील हे करारात लिहिलेले असणे अधिक महत्त्वाचे.

ओहायोतील निकाल (२००३) : या विषयावर सर्वाधिक चर्चा झालेला हा निकाल. मोटार-अपघातात जखमी झालेल्या एका महिलेने ६,००० डॉलरची उचल घेतली. बारा महिन्यांत दावा मिटल्यास १६,८००, अठरा महिन्यांत २२,२०० आणि चोवीस महिन्यांत २७,६०० डॉलर परत करायचे, अशी अट होती. पुढे आणखी १,००० डॉलरच्या बदल्यात २,८०० डॉलर देण्याचे ठरले. दावा वर्षाच्या आतच एक लाख डॉलरला मिटला आणि तिने हे करार रद्द करून मागितले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही करार निरर्थक ठरवले. त्याचा आधार जुन्या इंग्लिश कायद्यातील ‘मेंटेनन्स’ व ‘चँपर्टी’ ही तत्त्वे, म्हणजे दुसऱ्याच्या दाव्याला पैसे पुरवणे आणि त्याच्या फळात वाटा घेणे निषिद्ध, हा होता. अशा करारामुळे वादीची तडजोडीची इच्छा मरते, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप होता. हिशेब मांडला की तो पटतो : वकिलाची फी तीस टक्के धरली, तर २८,००० डॉलरपर्यंतच्या कोणत्याही तडजोडीतून त्या महिलेच्या हाती नवा पैसा येणार नव्हता. मात्र २००८ मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने कायदा करून, सर्व आकार स्पष्ट उघड करण्याच्या अटीवर, असे करार वैध केले.

कर्ज की गुंतवणूक : कंपन्यांच्या मते परतफेड अनिश्चित असल्याने हे कर्ज नव्हे, त्यामुळे व्याजमर्यादेचे कायदे लागू होत नाहीत. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे अमान्य करून अशा उचलीला कर्ज ठरवले. त्याच वर्षी आर्कन्सॉने वार्षिक १७ टक्क्यांची मर्यादा घातली. इतर राज्यांचे कायदे एकसारखे नाहीत. मर्यादा घातली की कंपन्या राज्य सोडतात आणि गरजू उघड्यावर पडतो, असा एक पक्ष आहे. वादाचा निर्णय झालेला नाही. प्रस्तुत नोंदकाराला ओहायोचा निकाल कठोर, पण त्यातील चिंता रास्त वाटते.

इंग्लंड : १९६७ च्या कायद्याने चँपर्टी हा गुन्हा राहिला नाही.

भारत : येथे या स्वरूपाची, अपघातग्रस्तांना रोख देणारी बाजारपेठ रुजलेली नाही, तत्त्व मात्र जुने आहे. १८७६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने राम कुमार कुंडू प्रकरणात सांगितले, की दाव्याला पैसे पुरवून मालमत्तेत वाटा घेण्याचा करार भारतात आपोआप बेकायदा ठरत नाही. तो पिळवणूक करणारा किंवा अन्यायी हेतूचा असेल तरच न्यायालय त्याला थारा देणार नाही. वकिलांसाठी मात्र दार बंद आहे. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीत वाटा घेण्याचा करार केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये तो व्यावसायिक गैरवर्तन मानला. वकील नसलेल्या त्रयस्थाने पैसे पुरवून निकालानंतर परत घेण्यास बंदी दिसत नाही, असे त्याच न्यायालयाने बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी (२०१८) या खटल्यात नमूद केले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मध्ये महाराष्ट्रापुरती केलेली दुरुस्ती अभ्यासकांनी विशेष पाहण्याजोगी आहे. दाव्यासाठी पैसे मिळावेत म्हणून वादीने दाव्यातील मालमत्तेचा हिस्सा त्रयस्थाला दिला किंवा देण्याचे कबूल केले असेल, तर न्यायालय त्याला पक्षकार करून प्रतिवादीच्या खर्चासाठी तारण मागू शकते. म्हणजे पैसे पुरवणारा येथे पडद्याआड राहू शकत नाही आणि जबाबदारीतूनही सुटत नाही. ही तरतूद मालमत्तेच्या दाव्यांची आहे. दुखापतीच्या भरपाईवर तिचा थेट उपयोग मर्यादित.

अपघातग्रस्ताची तातडीची गरज भारतात कायद्याने वेगळ्या वाटेने भागवण्याचा प्रयत्न केला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४० खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५०,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी २५,००० रुपये मिळत. २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम गेले. नव्या कलम १६४ मध्ये मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची, आणि कलम १६४अ मध्ये अंतरिम साहाय्याच्या योजनेची तरतूद आहे. हा पैसा भरपाईचाच भाग असतो आणि त्यावर दरमहा आकार चढत नाही.