कोर्तलैयार खोऱ्यातील गाळ आणि हिमयुगांचा मेळ

३० मे १८६३ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम येथे, खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात, माणसाने घडवलेले दगडी हत्यार मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सहकारी विल्यम किंग यांच्यासह ते कोर्तलैयार नदीच्या खोऱ्यातील अत्तिरमपाक्कमला पोहोचले. तिथे ओढ्यांनी कापलेल्या जमिनीत क्वार्टझाइटच्या हातकुऱ्हाडी विपुल होत्या. हत्यारे जांभ्याच्या खड्यांत आहेत, म्हणजे तो थर साचण्याआधी किंवा साचत असताना इथे माणूस होता, एवढे उघड झाले. हे नेमके कधी घडले, याचे उत्तर मात्र त्या थरापाशी नव्हते.

ते उत्तर उत्तरेकडून मिळेल असे पुढे वाटू लागले. १९३५ मध्ये येल आणि केंब्रिज विद्यापीठांच्या मोहिमेत हेल्मुट द टेरा आणि टी. टी. पॅटरसन यांनी काश्मीर आणि पोटवार पठाराचा अभ्यास केला. काश्मीरमधील हिमनद्यांच्या खुणांवरून त्यांनी चार हिमयुगे मांडली. पोटवारमधील सोन नदीकाठच्या पायऱ्या, म्हणजे पायरीसारखे सपाट टप्पे, आणि पोटवारवर वाऱ्याने आणून टाकलेली लोएसची बारीक माती, ही दोन्ही त्यांनी या हिमयुगांना जोडली. मग तोच हिशेब नर्मदेकडे आणि तिथून मद्रासकडे आणला. कोर्तलैयार खोऱ्यात वडमदुरै येथे जांभ्याखाली गोट्यांचा थर होता. त्यातील हत्यारांची झीज आणि पृष्ठभागावर चढलेला रंग पाहून पॅटरसन यांनी त्यांचे जुने-नवे गट पाडले व त्यांची सांगड उत्तरेतील क्रमाशी घातली. १९३९ मध्ये हे काम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि भारतीय प्रागितिहासाला पहिल्यांदा एक समान कालपट लाभला. मांडणी धाडसी होती आणि कितीतरी वर्षे तीच प्रमाण मानली गेली.

तिचा पाया मात्र कच्चा होता. हिमनदी नसलेल्या दक्षिणेत नदी गाळ कधी टाकते आणि कधी कापते, हे पावसावर, समुद्राच्या पातळीवर आणि जमिनीच्या उचलीवर अवलंबून असते. काश्मीरच्या बर्फाचा तिथे थेट संबंध नाही. खुद्द सोन खोऱ्यातही १९८०च्या दशकात रॉबिन डेनेल आणि हेलन रेंडेल यांनी दाखवले की त्या पायऱ्यांतील बऱ्याचशा नदीने रचलेल्या नसून झिजेने उरलेल्या आहेत. दख्खनमध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी प्रवरेकाठी नेवासे येथे गाळाच्या थरांचा आणि त्यांतील हत्यारांचा क्रम लावला, तो मात्र स्थानिक खडीच्याच आधाराने, आणि म्हणूनच तो टिकाऊ ठरला.

फूट यांच्या ‘कधी’चे उत्तर अखेर अत्तिरमपाक्कमच्याच गाळातून मिळाले. तिथे पुरातत्त्वज्ञ शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी १९९९ पासून पुन्हा उत्खनन केले. तळाजवळची चिकणमाती पूर्वी क्रिटेशस काळातील शेल समजली जाई, म्हणजे माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधीची. तिच्यात हत्यारे शोधण्याचे कारणच नव्हते. ती प्रत्यक्षात नदीच्या पुरांनी साचलेली प्लाइस्टोसीन काळातील माती निघाली आणि तिच्यातच अश्युलियन, म्हणजे हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील, हत्यारे होती. कालमापनासाठी थेट हत्यारांचाच दगड वापरला गेला. उघड्यावरच्या क्वार्ट्झमध्ये वैश्विक किरणांमुळे ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात. दगड खोल पुरला गेला की त्यांची निर्मिती जवळजवळ थांबते आणि ती दोन्ही वेगवेगळ्या वेगाने क्षय पावतात. उरलेल्या प्रमाणावरून पुरल्याचा काळ निघतो. शिवाय गाळातील चुंबकीय दिशा आजच्या उलट होती; पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा शेवटची पालटली ती ७.८ लाख वर्षांपूर्वी, म्हणजे गाळ त्याहून जुना. २०११ मध्ये जाहीर झालेले सरासरी वय सुमारे १५ लाख वर्षे आहे, किमान १०.७ लाख. वरच्या थरांचे, मध्य पुराश्मयुगीन हत्यारांचे वय २०१८ मध्ये सुमारे ३.८५ लाख ते १.७२ लाख वर्षे ठरले.

दूरच्या खोऱ्यांचा मेळ घालायला आता ज्वालामुखीची राख अधिक उपयोगी ठरते, कारण ती एकाच वेळी सगळीकडे पडते. सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची राख उत्तरेच्या शोण खोऱ्यात आणि आंध्रच्या जुरेरू खोऱ्यात ओळखली गेली आहे. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथील राखेला आधी १४ लाख, मग साडेसहा-सात लाख वर्षे असे वय दिले गेले; पुढे तिच्या रासायनिक घडणीवरून तीही याच उद्रेकाची असल्याचे मत पुढे आले. त्यामुळे तिच्या सोबतच्या अश्युलियन हत्यारांच्या वयावर मोठा वाद झाला.